रिंग जाते, कोणी उचलत नाही

१३ एप्रिल १९९६, शनिवार

काल शाळेला सुट्टी लागली. मागच्या उन्हाळ्यात मी कपाटं आवरली, त्याच्या मागच्या उन्हाळ्यातही कपाटंच आवरली. यंदा वादळं ओळखायला शिकायचं ठरवलंय. हे ऐकून बसवनगुडीतल्या आमच्या गल्लीत दोघीजणी तोंडाला पदर लावून हसल्या. हसू देत. म्हणून तर ही वही, इथे कोणी हसणार नाही.

कारण लिहून ठेवते. माझ्या धाकट्या भावाने, प्राणेशने, दोड्डबळ्ळापूरच्या अलीकडे मोकळ्या माळावर गुलाबाची सहा पॉलिहाऊस उभारली आहेत. लोखंडी पाइपांचा सांगाडा, वरून प्लॅस्टिक. फुलं विमानाने हॉलंडला जातात. गेल्या वर्षी मे महिन्यात दुपारी तीन वाजता असा वारा सुटला आणि अशा गारा आल्या की तीन नंबरचं शेड पाच मिनिटांत बसलं. आत बायका फुलं कापत होत्या. बाकीच्या पळाल्या, कस्तुराबाईच्या मांडीवर पाइप पडला. ती निपाणीकडची, आम्ही दोघी मराठीत बोलतो. तीन महिने खाटेवर होती, आता परत कामावर येते, लंगडत.

मी प्राणेशला तेव्हाच विचारलं होतं, आधी कळलं नाही का रे? तो म्हणाला, "अक्का, ते काय सांगून येतं?"

तेव्हापासून हा प्रश्न डोक्यातून जात नाही. बावीस वर्षं मी नववीला शिकवतेय की गरम हवा वर जाते. ती खाली कधी कोसळते हे मला सांगता येत नाही, म्हणजे काय? रेडिओवर सांगतात, संध्याकाळी काही ठिकाणी गडगडाटासह पाऊस. त्यांचं बरोबरच असतं, त्यांना सगळा जिल्हा बघायचा असतो. मला एकच ठिकाण हवंय, आणि अर्धा तास आधी. शेडातून विटांच्या पॅकिंग हॉलपर्यंत यायला बाकीच्यांना तीन मिनिटं लागतात. कस्तुराबाईला दहा.

१६ एप्रिल, मंगळवार

पहाटे सहाला प्राणेशच्या व्हॅनमधून निघाले. शाळेच्या प्रयोगशाळेतून ओला आणि कोरडा असे दोन तापमापक चिठ्ठी देऊन आणलेत. एकाच्या बुडाला ओली चिंधी गुंडाळायची, दोघांतला फरक बघायचा. फरक कमी झाला की हवेत पाणी जास्त. ते ऑफिसच्या मागे सावलीत टांगले. मुकादम शिवाप्पा बराच वेळ बघत उभा होता. मग त्याने मान वर केली, आभाळ पाहिलं आणि म्हणाला, "इल्ला मेडम." आज नाही. आणि खरंच आज काही नाही झालं. त्याच्याकडे चिंधीसुद्धा नव्हती.

एक वाजल्यापासून ढग फुलायला लागले, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे. एक ढग मी तासभर बघितला. डोकं वर काढायचा, पुन्हा खचायचा, पुन्हा काढायचा. डबा खायचा राहिला. थेंब वर जातो, गोठतो, खाली येतो, पुन्हा वर फेकला जातो, दर फेरीला बर्फाचा एक पापुद्रा चढतो. मला एक गार मधोमध कापून ते पापुद्रे मोजायचे आहेत. हे प्राणेशला सांगायची सोय नाही. गार म्हटलं की त्याला घाम फुटतो.

१९ एप्रिल, शुक्रवार

नुसतं आपल्या डोक्यावरचं आभाळ बघून भागणार नाही. वादळ आपल्यावर येण्याआधी दुसऱ्या कुणावर तरी असतं. शिवाप्पा म्हणतो, मोठी वादळं उत्तरेकडून येतात, रेल्वेच्या रुळाला धरून. मग रुळालगतच्या लोकांना विचारायला काय हरकत आहे?

आज पॅसेंजरने गौरीबिदनूरपर्यंत जाऊन तीन एसटीडी बूथ ठरवून आले. सगळ्यात लांब गौरीबिदनूर, तिथे औषधाच्या दुकानात बूथ आहे. मधे तोंडेभावी. आणि आपल्या जवळ माकळी, तिथे एक बाई भजी तळते आणि फोनही सांभाळते. मी रोज दुपारी दोनपासून फोन करणार आणि तीन गोष्टी विचारणार: ढग कुठे, वारा कसा, गार पडतेय का.

तोंडेभावीचा बूथ दयानंद नावाच्या शिंप्याचा आहे. वय पन्नाशीचं, गळ्यात टेप. मी कन्नडमध्ये सुरुवात केली तर म्हणाला, "मराठी बोला की मेडम. आमच्या घरात मराठीच बोलतात. तुमच्यासारखी शुद्ध नाही." त्याचे आजोबा तिकडून आले म्हणे, कुठून ते त्याला माहीत नाही. त्याने माझे तिन्ही प्रश्न खडूने कापडाच्या तुकड्यावर लिहून घेतले, फोनच्या वर टाचले, आणि मला विचारलं, गार आधी की वारा आधी? मला उत्तर माहीत नव्हतं. म्हटलं, तुम्हीच बघून सांगा. माणूस खूश झाला. बायको आत काजं करत बसली होती, तिने मान वर केली नाही.

२२ एप्रिल, सोमवार

पहिली घंटा, आणि पहिली फजिती.

दोन तापमापकांतला फरक एकदम कमी झाला, ढग काळे झाले, मी ऑफिससमोर टांगलेला रुळाचा तुकडा बडवला. बेचाळीस बायका कात्र्या टाकून हॉलमध्ये आल्या. तासभर बसल्या. शेंगा खाल्ल्या. बाहेर स्वच्छ ऊन पडलं. कापायची फुलं तोवर उमलून गेली, ती विमानात चालत नाहीत. प्राणेश उमललेली फुलं मोजत बसला, म्हणजे चांगलाच वैतागला होता. शिवाप्पाने मात्र विचारलं, "मेडम, उद्या पण घंटा आहे? बायका शेंगा घेऊन येऊ का विचारतायत."

२५ एप्रिल, गुरुवार

माणसांवर विसंबून काही करू नये. दुपारी उत्तरेला ऐरणीच्या आकाराचा ढग उभा राहिला, मी आयुष्यात पाहिला नव्हता असा. गौरीबिदनूरने सांगितलं, इथे थोडा वारा आहे, बाकी काही नाही. तोंडेभावीला फोन केला तर रिंग जाते, कोणी उचलत नाही. सहा वेळा केला. मोठ्या उत्साहात कापडावर प्रश्न टाचणारा हा माणूस नेमका आज, नेमका या वेळी जेवून झोपला असणार. सांगण्यासारखं तिथे काही नसेल असं समजून मी घंटा वाजवली नाही. ढग पूर्वेला सरकला, आपल्यावर आला नाही, म्हणून वाचले.

२६ एप्रिल, शुक्रवार

सकाळी दयानंदचा स्वतःहून फोन. काल दुपारी तिथे लिंबाएवढ्या गारा पडल्या. मी म्हटलं, मग फोन का उचलला नाही? तो म्हणाला, "विजा होत्या की मेडम, म्हणून वायर..." मी त्याला पुढे बोलूच दिलं नाही. वर्गातला आवाज लागला माझा. म्हटलं, सबबी नकोत. इथे बेचाळीस बायकांचा जीव आहे, एकीचा तर पायच गेल्यासारखा आहे, आणि तुम्ही एक फोन उचलत नाही. काहीही असो, रिंग वाजली की उचलायचा.

 तो म्हणाला, "सरी, बरं मेडम. उचलतो. चुकलं." त्यानंतर हळूच, "आधी वारा आला. मग गार." मी ते लिहून घेतलं. इतकं ओरडायला नको होतं, पण बोलल्याशिवाय लोकांना शिस्त लागत नाही.

३० एप्रिल, मंगळवार

बोलल्याचा उपयोग झाला. आज गौरीबिदनूरने फोन उचलला नाही, अर्ध्या तासाने माकळीनेही नाही, आणि मधला दयानंद पहिल्या रिंगला हजर. लाइनमध्ये भयंकर खरखर होती, त्याचा आवाजही कापरा वाटला, पण तिन्ही प्रश्नांची उत्तरं दिली: जोराचा पाऊस, वारा मध्यम, गार नाही. माकळीच्या बाईलाही एकदा सुनावायला हवं. भजी काय पळून जातात?

२ मे, गुरुवार

आज फार्मवर गेले नाही, डोकं दुखत होतं. संध्याकाळी बसवनगुडीत विजांचा थयथयाट. टीव्हीची आणि फोनची वायर काढून ठेवली, खिडक्या लावल्या आणि दोन तास पुस्तक घेऊन बसले. वाचलेलं काही डोक्यात शिरलं नाही, वीज आणि आवाज यांतले सेकंद मोजत होते. सगळ्यात जवळची वीज दोन सेकंदांवर, म्हणजे पाऊण किलोमीटरही नाही, गांधीबाजारच्या अलीकडेच.

वायर परत जोडल्याबरोबर प्राणेशचा फोन. "अक्का, किती वेळा केला, उचलत का नाहीस?" म्हटलं, अरे विजा होत्या. तो म्हणाला, हो हो, बरोबर. दुपारी माकळीनेही उचलला नव्हता असं शिवाप्पा सांगत होता म्हणे. माणसं इतकी बेफिकीर कशी राहू शकतात हे मला कळत नाही.

४ मे, शनिवार

दुसरी खोटी घंटा. माझं गणित चुकलं की चिंधी वाळली होती, देव जाणे. दीड तास बायका हॉलमध्ये. प्राणेशने मला ऑफिसात बसवलं, दार लावलं. "अक्का, तू मनापासून करतेस, मला कळतं. पण पुढच्या रविवारी तिकडे मदर्स डे आहे. वर्षाची सगळ्यात मोठी ऑर्डर. आता आणखी एकदा खोटी वाजली तर तो रूळ मी उतरवून ठेवणार." मी म्हटलं, आणि खरी आली तर? तो म्हणाला, "गेल्या वर्षीसारखं पळतील."

बाहेर कस्तुराबाई पाय लांब करून बसली होती. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "बाई, खोटी वाजली तर बरंच की. बसायला मिळतं. पण वाजवायचं सोडू नका. पहिल्यासारखं पळायला मला येत नाही." नंतर नुसतीच हसली.  खरं सांगायचं तर मला भीती वाटते. माझ्या हातात दोन तापमापक आणि एक रूळ आहे, आणि ही बाई त्याच्या भरवशावर तीन नंबरच्या शेडात जाते.

७ मे, मंगळवार

आज मी किती मठ्ठ आहे ते सिद्ध झालं आणि मला फार आनंद झाला.

सकाळी वहीतून सगळे फोन एका कागदावर उतरवले. कोणी किती वाजता उचलला, कोणी नाही. शेजारी त्या त्या गावाचं दुसऱ्या दिवशी कळलेलं हवामान. बघते तर जिथे जिथे "उचलला नाही" असं वैतागून लिहिलंय, तिथे तिथे वादळ. एकही वेळ चुकलेली नाही. ३० तारखेला आधी गौरीबिदनूर गप्प, मग अर्ध्या तासाने माकळी. म्हणजे वादळ रुळावरून खाली चाललं होतं आणि मी त्याच्यावर रागावत होते.

शिवाप्पाला कागद दाखवला. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पहिलीतली पोर आहे. "वीज कडाडत असताना फोनची वायर कोण ठेवतं मेडम? आपल्या ऑफिसातली पण मीच काढतो." आणि मी? मी गुरुवारी माझ्या घरी काय केलं होतं? पाच मिनिटं एकटी हसत बसले.

म्हणजे मला उत्तरं नकोतच. नुसती रिंग जाऊ दे. बूथवाला दुपारी दुकान सोडत नाही, न उचलणं म्हणजे वीज डोक्यावर. प्राणेशलाही दाखवलं, तो "हं" म्हणाला. बूथवाल्यांना यातलं काही सांगायचं नाही असं ठरवलंय. सांगितलं की माणसं जाणूनबुजून वागायला लागतात, मग निरीक्षण बिघडतं. त्यांची सवय आहे तशीच राहू दे. एकटा दयानंद तेवढा उचलतो, तेही बरंच आहे, गार पडते की नाही हे त्याच्याकडून कळेल.

आज बऱ्याच दिवसांनी भूक लागली.

१० मे, शुक्रवार

जमेल तसं लिहिते.

दोन वाजून दहा मिनिटांनी गौरीबिदनूर: रिंग गेली, उचलला नाही. दोन-वीसला पुन्हा तेच. आपल्यावर आभाळ निळंभोर. शेडांत बायका मान वर न करता कापत होत्या, मदर्स डेची फुलं आज रात्रीच्या विमानाने जायची होती. घंटा खोटी ठरली तर रूळ उतरणार आणि मग कोणीच काही वाजवणार नाही. म्हटलं, एकदा तोंडेभावी बघू.

दयानंदने पहिल्याच रिंगला उचलला. ओरडून बोलत होता. "मेडम, आभाळ हिरवं झालंय, वारा लई, समोरचं झाड पडलं, गार सुपारीएवढी..." मग कानठळ्या बसतील असा एक आवाज, आणि लाइन मेली.

मी धावले आणि रूळ बडवला. शिवाप्पाने वर बघितलं, निळं आभाळ, मग माझ्याकडे. प्राणेश हॉलच्या दारात आला. "अक्का, अजून चार हजार फुलं कापायची आहेत." मी म्हटलं, बाहेर काढ त्यांना. तो जागचा हलला नाही. मी बडवत राहिले. तेवढ्यात तीन नंबरच्या दारातून कस्तुराबाई बाहेर आली. एकटीच, लंगडत, कोणाकडे न बघता हॉलकडे चालायला लागली. तिला बघून दोघी निघाल्या, मग सगळ्याच. प्राणेशने हातातले पुठ्ठे खाली ठेवले आणि तोही शेडाशेडात ओरडत फिरला.

तीनला पाच कमी असताना उत्तरेला धुळीची भिंत दिसली. तीन वाजता ती आमच्यावर होती. तीन नंबर पहिल्यांदा गेलं, मग पाच नंबर. पाइप वाकताना दिसत होते, पण आवाज ऐकू येत नव्हता, हॉलच्या पत्र्यावर गारा इतक्या वाजत होत्या. शिवाप्पाने बायका मोजल्या. बेचाळीस. मी पुन्हा मोजल्या. बेचाळीस. कस्तुराबाई फुलांच्या बादल्यांमध्ये बसून रडत होती आणि प्राणेश माझा हात धरून उभा होता, लहानपणी धरायचा तसा.

एक गार घरंगळत दारात आली. मी उचलली. कापायची राहिली, हातातच वितळून गेली, कारण मला दयानंदची आठवण झाली होती.

तो उचलतो, कारण मी सांगितलं होतं. काहीही असो, उचलायचा. मंगळवारी मला सगळं कळलं आणि मी कोणाला सांगायचं नाही असं ठरवलं.

लाइन आली तशी साडेपाचपासून फोन करतेय. रिंग जाते, कोणी उचलत नाही. मंगळवारपासून मला वाटत होतं की याचा अर्थ मला कळतो. वायर काढली असेल. दुकान बंद केलं असेल. आणखी काय असेल ते मी इथे लिहिणार नाही.

११ मे, शनिवार

पहिल्या गाडीने तोंडेभावी. स्टेशनबाहेर झाडं आडवी, पत्रे उडालेले. दयानंदच्या दुकानाचं शटर अर्धं वर होतं. मी वाकून आत गेले.

तो बसलेला होता. जिवंत.  उजव्या कानात कापूस, उजव्या हाताला पट्टी. वीज तारेवर पडली, रिसीव्हर हातात होता. फेकला गेला तो कपाटावर आदळला. डॉक्टर म्हणतात कानाचा पडदा गेला, त्या कानाने आता ऐकू येईल असं नाही. फोन भिंतीवर काळा पडलेला होता. प्रश्न लिहिलेलं कापड अर्धं जळलं होतं.

त्याने डावा कान माझ्याकडे केला आणि पहिला प्रश्न विचारला, "मेडम, घंटा वेळेत वाजली काय?"

म्हटलं, वाजली. वीस मिनिटं आधी. बेचाळीसच्या बेचाळीस बाहेर आल्या.

"ती पाय मोडलेली पण?"

म्हटलं, ती सगळ्यांच्या आधी.

तो इतका हसला की त्याला कान धरावा लागला. आतल्या खोलीकडे वळून म्हणाला, "ऐकलीस काय? बेचाळीस." बायको मशीनजवळ बसली होती, हातात काम नव्हतं. मग तो मला म्हणाला, "नवीन फोन आला की पुढच्या वेळी डाव्या कानाला लावतो. काळजी करू नका."

मला तिथे खोटं बोलून निघता आलं असतं. आभार मानून, पुन्हा येते म्हणून. पण ते मला जमलं नाही. सगळं सांगितलं. की फोन उचलायची गरजच नव्हती. की तुम्ही वायर काढली असती तर मला त्यातूनच कळलं असतं. की बाकीच्यांनी काढली आणि मी त्यावरून ओळखलं. की हे मला मंगळवारीच समजलं होतं, आणि मी सांगितलं नाही. माझी चूक आहे, मला लाज वाटते, असंही म्हटलं. हात जोडले.

 दयानंदला राग आला असता तर सोपं झालं असतं. तो म्हणाला, "म्हणजे मी नाही उचलला, तरी तुम्हाला ऐकू आलं असतं." आणि मान हलवली, एखादी नवीन गोष्ट शिकल्यासारखी.

त्याची बायको तेव्हा पहिल्यांदा बोलली.

"मंगळवारी आमचा फोन चालू होता, मेडम."

 परतीच्या गाडीला दीड तास होता. तिने चहा आणून माझ्यासमोर ठेवला आणि ती परत मशीनजवळ जाऊन बसली. मी तो प्याले.